दोन फायटरांच्या मधली पाटी

मी एक जुनी पाटी आहे. भिंतीवरची नव्हे, पाण्यातली. पाण्यात पाटीचे काय काम, असे तुम्ही विचाराल. खुशाल विचारा. मला आजवर कोणी काही विचारलेले नाही. माझ्याबद्दल मात्र पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितले आहे, आणि त्यातले बरेचसे खोटे आहे. म्हणून, मित्रांनो, आज माझी हकिगत मीच सांगते.

मी अ‍ॅक्रिलिकची आहे. दिसायला काचेसारखी आरपार, पण हातातून पडले तर फुटणारी नाही. बुधवार पेठेत, वायरी आणि बल्ब विकणाऱ्या दुकानांच्या वर, एका अरुंद जिन्याच्या टोकाला संपतराव घोडके यांचे लहानसे ऑफिस होते. ते लोकांच्या घरांचे नकाशे काढून देत. पाटी करायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने त्यांच्यापुढे पितळेची ठेवली, लाकडाची ठेवली. संपतरावांनी बोट दाखवले ते माझ्याकडे. माझ्या अंगावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नाव कोरून घेतले आणि त्यात पांढरा रंग भरला. ‘संपत घोडके, नकाशे.’ बाकी काही नाही. डिग्री नाही, वेळ नाही, ‘कृपया बेल एकदाच वाजवावी’ असला शहाणपणाही नाही.

त्या दारावर मी उभे आयुष्य काढले म्हटले तरी चालेल. संपतराव रोज सकाळी कुलूप उघडण्याआधी खिशातल्या रुमालाने मला पुसत. जिना चढून दमलेली माणसे माझ्यापाशी थांबून श्वास घेत, नाव वाचत आणि मग आत जात. कोणी म्हणे, “अक्षर सुरेख आहे हो.” ते माझे कौतुक नव्हते हे मला कळत होते, पण अक्षर माझ्या अंगावर होते, त्यामुळे मी ते निम्मे माझ्या खात्यावर धरत असे.

पुढे नकाशे कॉम्प्युटरवर निघू लागले आणि संपतरावांनी वेळीच टेबल आवरले. शेवटच्या दिवशी त्यांनी माझे स्क्रू स्वतः काढले, मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे उभे केले. आता आपले संपले, असे मला वाटले. तसे झाले असते तर एका परीने बरे झाले असते.

संपतरावांचा एक मित्र होता, दशरथ. शाळेपासूनचा. पलीकडच्याच गल्लीत राहणारा. एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेला. एक बोलणारा आणि एक ऐकणारा, अशी ती जोडी होती. बोलणारा कोण हे सांगायला नको. दशरथराव गोष्ट सांगू लागले की खोलीतला पंखासुद्धा हळू फिरतो असे वाटावे, इतकी त्यांना रंगवून सांगण्याची हौस. संपतराव शेजारी बसून मान हलवत. त्या गोष्टींतले खरे किती हे त्यांना ठाऊक असे, पण त्यांनी कधी चारचौघांत मित्राला खोटे पाडले नाही.

एकदा हे दोघे बुधवार पेठेत मोबाईलचा चार्जर घ्यायला गेले आणि येताना दोन मासे घेऊन आले. फायटर मासे. हे मासे तुम्ही पाहिले असतील. बोटाएवढा जीव, पण शेपटी अशी की नवरीचा शालू पाण्यात सोडलाय. दिसायला देखणा आणि डोक्याने तिरसट. दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुगवतात, पर फुलवतात आणि एकमेकांच्या अंगावर धावून जातात. म्हणून दुकानात त्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि दर दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला असतो.

दशरथरावांनी काय करावे? त्यांनी गंमत म्हणून एक पुठ्ठा वर उचलला. इकडचा लाल मासा फुलला, तिकडचा निळा मासा फुलला. दशरथराव लहान मुलासारखे खूश झाले. दुकानदाराने धावत येऊन पुठ्ठा परत खाली सारला.

“काका, पुठ्ठा असू द्या. दोन-पाच मिनिटं ठीक आहे, व्यायाम होतो त्यांना. पण दिवसभर एकमेकांसमोर राहिले तर धास्तीनेच खलास होतात हे.”

हे वाक्य लक्षात ठेवा. दशरथरावांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले होते. घरी आल्यावर त्यांनीच ते सगळ्यांना रंगवून सांगितले, आणि मी ते त्यांच्याच तोंडून ऐकले.

लाल मासा दशरथरावांनी घेतला आणि त्याचे नाव ठेवले फौजदार. निळा संपतरावांनी घेतला. तो झाला निळू. पण संपतरावांच्या घरी त्यांच्या पत्नी मंदाकिनीकाकूंची दोन मांजरे होती आणि ती घराची खरी मालक होती. तेव्हा असे ठरले की दोन्ही मासे दशरथरावांच्या हॉलमध्ये एकाच मोठ्या टाकीत ठेवायचे आणि मध्ये भक्कम आडोसा घालायचा. आडोशाचे काम संपतरावांनी आपल्याकडे घेतले. घरी येऊन त्यांनी मला कपाटामागून बाहेर काढले, चादर सोडली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

स्वतःच्या नावाच्या पाटीवर करवत चालवणे सोपे नसते. त्यांनी चालवली. माझे दोन्ही कडेचे तुकडे गेले आणि मधला चौकोन उरला. त्यावर फक्त ‘घोडके’ एवढेच राहिले. मग त्यांनी मला बारीक बारीक भोके पाडली, कारण पाणी दोन्हीकडे एकच वाहते राहिले पाहिजे. मासे वेगळे, पाणी एक. भोकांच्या कडा त्यांनी पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या, माशांचे नाजूक पर अडकून फाटू नयेत म्हणून. गाड्यांवर नावे लिहिणारे ज्याला रेडियम म्हणतात, तो चिकट काळा कागद त्यांनी माझ्या पाठीवर चिकटवला आणि प्रत्येक भोकापाशी सुईने नेटका कापला. मुलांच्या प्रोजेक्टच्या फायलींना असतात ना, तशा प्लॅस्टिकच्या पट्ट्या टाकीच्या काचेला आतून चिकटवून त्यांत मला वरून सरकवले. मी अशी घट्ट बसले की दशरथराव म्हणाले, “संपत्या, तू माणसांची घरं काढण्यात उगाच जन्म घालवलास.”

माझी काळी पाठ फौजदाराकडे होती आणि पुढची बाजू निळूकडे. त्यामुळे निळूच्या बाजूने तिरके पाहिले की काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘घोडके’ वाचता येई. निळूच्या दाराला नावाची पाटी होती! पेठेतल्या दुसऱ्या कुठल्या माशाला ती असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतरचे दिवस माझे सगळ्यांत सुखाचे. सकाळी संपतराव येत. दशरथरावांच्या पत्नी, शालनकाकू, चहा टाकत. दोन्ही मित्र टाकीसमोर खुर्च्या ओढून बसत. संपतराव निळूला मोजके दाणे घालत आणि तो शेवटचा दाणा गिळेपर्यंत पाहत राहत. रविवारी व्यायाम असे. एक छोटा आरसा टाकीला लावायचा, मासा आपल्याच प्रतिबिंबावर फुलून धावायचा, आणि लगेच आरसा काढून घ्यायचा. संपतराव देशी बदामाची वाळलेली पाने रस्त्यावरून वेचून आणत, धुऊन पाण्यात टाकत. पाण्याला फिक्या चहाचा रंग येई आणि मासे खुलत. निळू तर माझ्या अगदी कडेला, अक्षरांच्या वर, बुडबुड्यांचे फेसाळ घरटे बांधी. फायटर मासा घरटे बांधतो तेव्हा समजावे की त्याला आपले घर आवडले आहे. मला त्याचा केवढा अभिमान वाटे म्हणून सांगू!

मग दिवाळी आली. संपतराव आणि मंदाकिनीकाकू लेकीकडे नागपूरला निघाले. मांजरे शेजारणीच्या गळ्यात घातली आणि जाण्याआधी संपतराव टाकीपाशी आले.

“दशरथा, सकाळ-संध्याकाळ दाणे टाक. बादलीत शिळं करून ठेवलेलंच पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नको.”

“अरे, माझ्या घरात आहे तो. काळजी कसली करतोस?”

संपतरावांनी खरोखरच काळजी केली नाही. जाताना त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

दिवाळीत दशरथरावांकडे माणसांचा राबता. फराळाची ताटे, मुलांची धावपळ. पुण्याजवळच्या मांजरी गावाहून नात आली होती, वल्लरी. तिसरीत होती. येणारा प्रत्येक जण टाकीपाशी थांबे आणि दशरथराव गोष्ट सुरू करत. फायटर मासे कसे झुंजतात, पूर्वी राजे लोक त्यांच्यावर पैजा कशा लावत, असे काय काय. एक पाहुणे चकली मोडता मोडता म्हणाले, “कसले फायटर हो? आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखे नुसते फिरतायत.”

सगळे हसले. दशरथरावही हसले, पण ते हसणे वरवरचे होते. ज्या माणसाची गोष्ट पडते त्याचे हसणे मी ओळखते.

दुपारी पाहुणे गेल्यावर त्यांनी निळूला एका वाडग्यात काढून ठेवले, मला पट्ट्यांतून वर ओढले आणि डायनिंग टेबलावर आडवे टाकले. मला वाटले, पुसायला घेतले असेल. त्यांनी स्टीलची पट्टी आणली. पेन्सिलीने माझ्या पाठीवर एक चौकोन आखला. मग ब्लेड घेतले. वल्लरी शेजारी उभी होती.

“आजोबा, काय करताय?”

“खिडकी करतोय. आता बघ कशी मजा येते.”

त्यांनी चारही बाजूंनी ब्लेड फिरवले आणि काळ्या रेडियमचा तो चौकोन टर्रकन सोलून काढला. जे झाकण्यासाठी मला तिथे उभे केले होते, तेच माझ्यातून दिसू लागले. मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. ज्या माणसाने माझ्या भोकांच्या कडा घासून मऊ केल्या होत्या तो नागपुरात होता, आणि त्याने ज्याच्या भरवशावर मला सोडले होते त्याच्याच हातात ब्लेड होते.

मला परत टाकीत सरकवले. निळू आणि फौजदार इतके दिवस एकाच पाण्यात राहिले होते. त्या दुपारी त्यांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिले.

काय फुलले दोघे! संध्याकाळच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल निघाले. कोणी विचारले, “दोन्ही तुमचे?” दशरथरावांनी लाडवाचे ताट पुढे करत सांगितले, “दोन्ही आपलेच.” दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे, त्याच टाळ्या. दुकानात पुठ्ठा परत खाली घालायला दुकानदार तरी होता. इथे पाहुणे गेले, दिवे मालवले, घर निजले, तरी माझी खिडकी उघडीच. दशरथरावांनी मध्येच एकदा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा माझ्यापाशी खुपसून पाहिला. तो भिजून लगदा झाला. मग त्यांनी तो नाद सोडून दिला.

फौजदार जाड कातडीचा. धावून यायचा, थकायचा, दाणे खाऊन कोपऱ्यात पडायचा. निळूला ते जमेना. तो सारखा माझ्यासमोर येरझारा घाली, नाक माझ्या अंगावर आपटी. शत्रू समोर दिसतो, पळून जात नाही आणि हाताशीही लागत नाही, हे त्याला कळेना. त्याने दाणे सोडले. घरटे विरून गेले. आणि मग तो अशा एका गोष्टीला लागला की मला अजून ती आठवली तरी नको वाटते. तो गर्रकन वळे आणि आपलीच शेपटी चावे. हो मित्रांनो, फौजदाराने त्याला शिवलेसुद्धा नव्हते. माझ्या भोकांतून मुंगी गेली असती, मासा नाही. निळूने आपली शेपटी आपणच कुरतडली. धास्तावलेले फायटर मासे असे करतात.

वल्लरीने ते पाहिले. “आजोबा, निळू दमलाय. खिडकी लावून टाका ना.”

“दमतोय कसला? फायटर आहे तो.”

शालनकाकू करंज्यांचा डबा भरत होत्या. त्या म्हणाल्या, “दुसऱ्याचा जीव आहे तो. तुमचा खेळ झाला असेल तर बघा जरा त्याच्याकडे.”

तेव्हा दशरथरावांनी चष्मा लावून पाहिले. शेपटीच्या झिरमिळ्या झालेल्या पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी खोटे बोलणार नाही, त्यांना वाईट वाटले. ते तसेच उठून रेडियमवाल्याकडे गेले. दुकान दिवाळीसाठी बंद होते. सोललेला चौकोन त्यांनी कचऱ्यात शोधला, तो केव्हाच गेला होता. ते खुर्चीत बसून राहिले आणि काहीतरी विचार करत राहिले. काय विचार करत होते, ते मला संपतराव आल्यावर समजले.

संपतराव स्टेशनवरून घरी गेले, बॅगा टाकल्या आणि चहाच्या वेळेला आले. हातात संत्रा बर्फीचा पुडा होता. तो शालनकाकूंच्या हातात देऊन ते टाकीकडे वळले आणि तिथेच थांबले.

“दशरथा, हे काय झालं?”

“अरे, तुझा तो रेडियम,” दशरथराव म्हणाले. आवाज अगदी सहज होता. “पाण्यात सुटला मधेच. मला आधी कळलंच नाही. दिवाळीची गडबड, दुकानं बंद. मी काय करणार?”

मित्रांनो, मी सुटले? माझा रेडियम सुटला? माझ्या अंगावर त्यांच्या ब्लेडचे ओरखडे ताजे होते, आणि ते माझ्याच देखत, माझ्याच माथी सगळे मारून मोकळे झाले. चार कोपऱ्यांत काळा रेडियम अजून इतका घट्ट बसला होता की नखाने टोकरला तरी निघाला नसता. पण दारावरची पाटी असो की पाण्यातली, ती लोकांना वाचता येते. तिला स्वतःला बोलता येत नाही.

खरा धक्का पुढे होता. संपतराव खाली बसले. टाकीच्या काचेला कपाळ टेकवून निळूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माझीच चूक. जुना रोल पडला होता घरी, तोच वापरला मी. चिकटपणा गेला असणार त्याचा. नवा आणायला हवा होता. तुलाही सणासुदीचा नसता ताप झाला. माफ कर दशरथा.”

दशरथरावांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी एक घोट घेतला.

“जाऊ दे रे,” ते म्हणाले. “होतं असं.”

शालनकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, बर्फीचा पुडा ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या. तो पुडा त्या दिवशी कोणी उघडला नाही.

संपतरावांनी निळूला एका भांड्यात वेगळे केले, भांड्याभोवती टॉवेल गुंडाळून ते दशरथरावांच्याच हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवले, आणि नवा रेडियम लावायला मला घरी नेले. त्यांच्या त्या जुन्या उतरत्या टेबलावर, जिथे त्यांनी शेकडो घरे आखली होती, तिथे मी पडले होते. जुना कागद खरवडायला त्यांनी नख लावले आणि त्यांचे बोट थबकले. पाण्यात सुटलेला कागद वेडावाकडा सुटतो. हा सरळ होता. चारी कोपरे काटकोनात होते आणि प्रत्येक कोपऱ्यात ब्लेड किंचित पुढे गेल्याची रेघ माझ्या अंगात उमटली होती. एका बाजूला पेन्सिलीची खूणही अजून होती.

मला वाटले, झाले! कळले! आता हे उठतील. पण ते उठले नाहीत. बोट त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. मांजर येऊन टेबलावर बसले, तेही त्यांना दिसले नाही. अखेर ते स्वतःशीच म्हणाले, “नाही. दशरथ असं नाही करायचा. मीच कापताना कुठेतरी ब्लेड जास्त दाबलं असेल.”

सांगा मला, असा माणूस आणि त्याला असा मित्र! त्यांनी ती पेन्सिलीची खूण रबराने पुसली. मित्राला खोटे पाडणारा पुरावा त्यांनी आपल्याच हाताने पुसला आणि मग माझ्या पाठीवर नवा काळा रेडियम चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या काखेत बसून परत आले. दशरथराव पेपर वाचत होते. संपतरावांनी मला पट्ट्यांत सरकवले. वल्लरी जिन्यावरून धावत आली आणि टाकीला नाक लावून म्हणाली, “संपत आजोबा, बरं झालं तुम्ही खिडकी बंद केली. निळूला आवडत नव्हती ती.”

“कोणती खिडकी गं?”

“आजोबांनी केली होती ती. पट्टीने आखून. पाहुणे टाळ्या वाजवायचे. माझ्याकडे व्हिडिओपण आहे, दाखवू?”

पेपर दशरथरावांच्या चेहऱ्यासमोर तसाच होता, फक्त तो आता हलत नव्हता.

“नको बाळा,” संपतराव म्हणाले. “तू आत जाऊन आजीला मदत कर.”

वल्लरी आत गेली. दशरथरावांनी पेपर खाली घेतला.

“संपत्या, ऐक. मी सांगणारच होतो. गंमत म्हणून केलं रे. माझ्या काय मनात होतं त्याचं वाईट करायचं?”

“नव्हतं. माहीत आहे मला.”

“मग झालं तर. एका माशापायी आता...”

“माशाचं नाही बोलत मी,” संपतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “खिडकी केलीस ना, केलीस. मला सांगितलं असतंस तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा प्यालो असतो. पण मी काल इथं बसून तुझी माफी मागितली, दशरथा. आणि तू ती घेतलीस.”

दशरथरावांनी पेपरची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

संपतरावांनी निळूचे भांडे उचलले. आतून शालनकाकू आल्या. “भाऊजी, चहा टाकलाय.”

“राहू द्या, वहिनी.”

जिन्यावरून ते एकेक पायरी जपून उतरले, भांड्यातले पाणी हिंदकळू नये म्हणून. 

मी तिथेच राहिले. एका बाजूला फौजदार आणि दुसऱ्या बाजूला कोणी नाही. फौजदार माझ्या भोकांपाशी येऊन थांबे, पलीकडे बघण्यासारखे काही नसे. कोणी विचारले, “निळा मासा कुठे गेला?” तर दशरथराव म्हणत, “अहो, ती मधली पाटी बेकार निघाली. दगा दिला तिने.” मी टाकीतच असे आणि ऐकत असे. एकदा शालनकाकू चटणी वाटता वाटता आतून म्हणाल्या, “दोन्ही आपलेच म्हणत होतात ना? मग आपला आपल्याला सोडून कसा गेला?” त्यानंतर दशरथरावांनी पाहुण्यांना टाकी दाखवणे बंद केले. शालनकाकूंच्या हातून सवयीने दोन कप चहा ओतला जाई. एक त्या परत पातेल्यात ओतत.

पुढे मला बाहेर काढून गॅलरीत ठेवले. माझ्यावर सदाफुलीची कुंडी आली. कुंडीतले पाणी झिरपून माझ्या कोरलेल्या अक्षरांत माती बसली. ‘घोडके’ आता कोणाला वाचता आले नसते. एका पावसाळ्यानंतर दशरथरावांनी कुंडी हलवली आणि मला पाहिले. ते खाली बसले. जुन्या टूथब्रशने त्यांनी एकेक अक्षर कोरून साफ केले. गाळणीतून दूध गाळावे इतक्या हलक्या हाताने. मग बदामाची वाळलेली पाने एका पिशवीत भरली, मला काखेत मारले आणि पलीकडच्या गल्लीत निघाले. वाटेत त्यांना दोघा-तिघांनी हाक मारली, पण ते बोलायला थांबले नाहीत.

संपतरावांनी दार उघडले.

“तुझी पाटी,” दशरथराव म्हणाले. “आणि ही पानं.”

संपतरावांनी मला घेतले. पानेही घेतली.

“निळू बरा आहे?”

“आहे.”

“तो रेडियम... मी सगळ्यांना सांगतोय आता, की पाटीची चूक नव्हती.”

“बरं,” संपतराव म्हणाले.  मला वाटले, आता ‘आत ये’ म्हणतील. त्यांनाही ते म्हणावेसे वाटत असावे, कारण त्यांचा हात दाराच्या कडीवर होता आणि दार अर्धवट उघडेच होते. मग त्यांनी ते सावकाश लावून घेतले.

आता मी निळूच्या छोट्या झाकणाच्या टाकीबाहेर उभी आहे. मांजरांनी सारखे त्याच्याकडे टक लावून बसू नये म्हणून मला मध्ये ठेवले आहे. काम तेच, झाकण्याचे. निळूची शेपटी पुन्हा वाढली. पण जिथून ती तुटली होती तिथपर्यंतच ती निळी आहे. पुढचा भाग फिक्या काचेसारखा आरपार राहिला. त्यात रंग भरेल म्हणून संपतराव रोज बघतात, बदामाची पाने बदलतात. रंग काही भरत नाही.

मित्रांनो, मासे पाळा, जरूर पाळा. पण दोन फायटरांच्या मध्ये जो आडोसा असतो तो कोणीतरी जीव लावून घातलेला असतो. टाळ्यांसाठी त्याला खिडकी पाडू नका. आणि हातून चूक झालीच, तर ती ज्याची आहे त्याला तोंडाने सांगा. शिव्या बसतील, बसू द्या. मुक्या वस्तूच्या माथी मारू नका, कारण खोटे आमच्या माथी मारले तरी ते शेवटी कोणा माणसालाच लागते.

सकाळी चहाच्या वेळी दारावरची बेल वाजली, की दाणे टाकता टाकता संपतरावांचा हात अजून हवेतच थांबतो. बहुतेक वेळा दूधवाला असतो.